नववा स्क्रू

गुरामचा उजवा हात मी वीस वर्षं ओळखते.
कुताइसीच्या आमच्या गल्लीत, सकाळी सहाला,
तो कमरेपर्यंत मातीच्या भट्टीत वाकतो
आणि कणकेची लांबट नाव आतल्या भिंतीवर थापतो.
एक पाय हवेत. हात सरळ, कोपराला जराही बाक नाही.
बाहेरून फक्त पाठ दिसते.
मग वर येतो लालबुंद, घामेजलेला:
"मानाना, आज किती? दोन?"

फेब्रुवारीत पायरीवर बर्फ होता.
पिठाचं पोतं वाचवायला गेला आणि कोपरावर आपटला.
पोतं फाटलं नाही, हे तो स्ट्रेचरवरूनही सांगत होता.

डॉक्टर नोदारनी एक्स-रे उजेडासमोर धरला.
कोपराच्या टोकाचे पाच तुकडे,
त्यातला मोठा दंडाच्या स्नायूनं वर ओढून नेलेला,
रुसून माळ्यावर जाऊन बसलेल्या पोरासारखा.
"तारेनं भागणार नाही. प्लेट."
त्सियालानं विचारलं, पहिल्यासारखा होईल ना?
डॉक्टरांनी तिच्या कोपराला गूळ लावला नाही.
"वाकेल," म्हणाले. "सरळ किती होईल, ते बघू."

टेबलावर तो कुशीवर होता,
हात वळकटीवरून खाली लोंबत, चेहरा पडद्यापलीकडे.
ओळखीच्या माणसाचा हात विसरायला मी शिकले आहे.
पण आयोडीन फासताना दिसलं,
मनगटापासून वर एकही केस नाही,
सगळे वर्षानुवर्षं भट्टीत जळालेले.

आतल्या बाजूला मज्जातंतू,
पांढरट, भिजल्या सुतळीएवढा.
त्याला पिवळ्या रबराच्या फासात हलकेच बाजूला धरायचं;
करंगळीला जे काही कळतं ते याच वाटेनं येतं.
तुकडे जुळवताना कोणी बोललं नाही.
बारीक तारा टोचून ते टाचले,
शिवायच्या आधी कापड टाचतात तसे.
प्लेट मी दिली. डॉक्टरांनी वाकवली, लावून पाहिली,
पुन्हा वाकवली.

ड्रिल कठीण हाडातून जाताना उंच सुरात असतं,
पोकळीत शिरलं की उतरतं,
पलीकडच्या भिंतीशी पुन्हा चढतं,
आणि तिथं हात आवरायचा.
"बत्तीस." दिला.
"अठ्ठावीस." दिला.
अठ्ठेचाळीसचा मात्र पडद्यावर सांध्यात डोकावताना दिसला.
काढला. चव्वेचाळीसचा बसवला.
काढलेला ट्रेमध्ये टण्ण पडला,
आणि मी तो वहीत लिहिला, कारण मोजणं माझं काम.

एप्रिल गेला व्यायामात आणि शिव्यांत.
हात सरळ व्हायला पंधरा अंश कमी पडतात अजून.
भट्टीच्या तळाची रांग त्यानं सोडून दिली आहे.
वरच्या रांगेतले पाव जरा फिकट निघतात;
गल्ली आठवडाभर कुरकुरली, मग सवय झाली.
थंडीत प्लेट आधी गार पडते, म्हणतो,
आणि मी नंतर.

एक दिवस त्यानं बिल काढलं, पिठाचे हात पुसून.
"यात नऊ स्क्रू आहेत, मानाना.
एक्स-रेत आठच.
मी भट्टीत वाकून एका नजरेत पाव मोजतो,
मला फसवू नकोस."
मी अठ्ठेचाळीसची गोष्ट सांगितली.
एकदा हाडात गेलेला परत घेत नाहीत,
दुसऱ्या कुणाला लावत नाहीत.
"म्हणजे माझाच," तो म्हणाला.

खरं तर मी तो द्यायला नको होता.
धुऊन, उकळून, रुमालात बांधून नेला.
त्यानं तळहातावर फिरवला, बोटानं आटे चाचपले,
दातानं चावून बघितला, नाण्यासारखा.
त्सियाला म्हणाली, शी.

आज गेले तेव्हा
पाव काढायच्या त्याच्या लांब आकड्याची
ढिली झालेली लाकडी मूठ घट्ट होती.
"हाडासाठी केलेला," तो म्हणाला, "लाकडात नीट बसत नाही.
पण धरतो."
आणि त्याच कोपरानं मला कोपरखळी मारली.
बाहीतून लागली ती.
एक पाव फिकट होता, त्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत.